प्रेअरीवरच्या छोट्या गावात बिऱ्हाड करताना

कॅनडातल्या सास्काटूनच्या विमानतळावरून आमचं प्रेअरीवरचं, म्हणजे सपाट गवताळ मैदानातलं, गाव दीड तासावर आहे आणि त्या दीड तासात गाडीला वळणं फक्त तीन. पहिल्यांदा आले तेव्हा न्यायला आलेल्या बाई तिसऱ्या वळणावर म्हणाल्या, "पोचलोच आता." मला पुढे काहीही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने क्षितिजावर एलेव्हेटरचं, म्हणजे धान्य साठवायच्या उंच कोठाराचं, टोक दिसलं, आणि नंतर कितीतरी वेळ ते तेवढंच दिसत राहिलं.

मी लातूर जिल्ह्यातली. वडील आडतीवर हिशोबाला होते, त्यामुळे डाळीचं पोतं, पोत्यात खुपसायची बंबी आणि मापाड्याची हाळी हे सगळं लहानपणापासून कानांत-डोळ्यांत आहे. आता सस्कॅचेवान प्रांतातल्या या गावाजवळ धान्याच्या एलेव्हेटरवर नमुने तपासायचं काम करते. इथे लोक वर्षं हिवाळ्यांत मोजतात, त्या हिशोबाने माझे सहा झाले. अलीकडे महाराष्ट्रातून येणाऱ्यांचे फोन वाढलेत. कोणी नर्स, कोणी वृद्धाश्रमात केअर एड, कोणी ट्रॅक्टर-कंबाइनच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, कोणी पोटॅशच्या खाणीत. प्रश्न बहुतेक सारखेच, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते. नियम सस्कॅचेवानचे सांगतेय. अल्बर्टा किंवा मॅनिटोबात जाणाऱ्यांनी कागदपत्रांचा भाग तिथला पाहावा, बाकी चालून जाईल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. पहिला बर्फ पडायच्या आत गावाला तुमचं नाव माहीत झालं पाहिजे. शहरात पैसे टाकले की माणूस येतो. इथे पैसे घेऊन येणारा माणूस ऐंशी किलोमीटरवर असतो आणि न घेता येणारा शेजारच्या घरात.

१. यायचं कधी

तारीख तुमच्या हातात असेल तर मे ते जुलै. नोकरी देणाऱ्याने जानेवारी म्हटलं तर गोड बोलून मे मागून बघा, बरेचदा मिळतो. जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो. लोक अंगणात असतात, गवत कापत असतात, बोलायला थांबतात. डिसेंबरात सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आत जातो. तेव्हा आलेल्या माणसाला शेजारी दिसतो तो टोपी, मफलर आणि दोन डोळे एवढाच. मार्चमध्ये तोच माणूस दुकानात भेटला तर ओळखू येत नाही.

थंडीचे कपडे पुण्यातून आणू नका. तिकडे जॅकेट म्हणून जे विकतात ते इथे ऑक्टोबरपुरतं. बूट उणे ४० अंशांचे घ्या आणि एक नंबर मोठे, आत लोकरी मोज्याला जागा हवी. उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, त्यामुळे तेव्हा कोणत्या अंशांत बोलताय असं कोणी विचारत नाही.

घरी फोन करायची वेळ मात्र एकदाच पाठ करा. हा प्रांत वर्षभर घड्याळ बदलत नाही. भारताशी फरक बारमाही साडेअकरा तासांचा. इथे रात्री आठ, तिकडे सकाळचे साडेसात, आईचा पहिला चहा.

२. गाव असं का आहे, ते आधी समजून घ्या

सस्कॅचेवान महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे, ६,५१,९०० चौरस किलोमीटर. २०२१ च्या जनगणनेत माणसं साधारण ११ लाख ३२ हजार, म्हणजे आमच्या एकट्या लातूर जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. त्यातले बरेच सास्काटून आणि रिजायना या दोन शहरांत. उरलेले अशा गावांत, जिथे दोनशे डोकी असली तरी पोस्ट, हॉल, बर्फाची रिंक आणि दोन चर्च असतात.

ही गावं रेल्वेने पेरली. घोडागाडीत धान्य भरून शेतकरी एका दिवसात एलेव्हेटरवर जाऊन घरी परतला पाहिजे, म्हणून दर आठ-दहा मैलांवर स्टेशन. ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने तर नावं सुचेनात म्हणून की काय, ती बाराखडीसारखी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने ठेवली. फेनवूड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर अशी ती ओळ अजूनही नकाशावर वाचता येते, थेट यंग आणि झेल्मापर्यंत. पुढे ट्रक आले, डांबरी रस्ते झाले. धान्याच्या रेल्वे वाहतुकीवरची सरकारी सवलत १९९५ मध्ये संपली आणि छोटे फाटे उखडले गेले. लाकडी एलेव्हेटर पाडले, त्यांच्या जागी मुख्य मार्गावर सिमेंटचे अवाढव्य टर्मिनल उभे राहिले. मी काम करते ते त्यातलंच एक. म्हणून गावात बंद दुकानं दिसली तर गाव मेलंय असं समजू नका. शेती तेवढीच आहे, करणारे हात कमी झालेत.

रेल्वेच्याही आधी ही भूमी क्री, सोटो, नकोटा आणि मेटी लोकांची. सरकारने त्यांच्याशी केलेला १८७४ चा चौथा करार, १८७६ चा सहावा करार, त्याआधीच १८७२ चा जमीन कायदा, ज्याने दहा डॉलर भरून १६० एकर मिळत. या तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या की बरंच कळतं. जवळपास फर्स्ट नेशनची, म्हणजे मूळ रहिवाशांची, वस्ती असेल. तिथले लोक तुमच्याबरोबर दवाखान्यात, शाळेत, टर्मिनलवर काम करतात. गावात कोणी त्यांच्याविषयी उणंदुणं बोललं तर नव्या माणसाने मान डोलावू नये, एवढंच म्हणेन. आपल्यालाही आपल्या गावची वेस ठाऊक आहे.

३. पत्ता म्हणजे गट नंबर

हा भाग नीट वाचा. मी नीट शिकले नव्हते आणि त्याची किंमत मोजली.

सगळी प्रेअरी चौकोनांत मोजलेली आहे. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप. तिच्यात ३६ सेक्शन, प्रत्येक एक मैल चौरस, ६४० एकर. सेक्शनचे चार तुकडे, म्हणजे क्वार्टर, प्रत्येकी १६० एकर. इथला शेतकरी जमीन एकरात सांगत नाही, "बारा क्वार्टर करतो" म्हणतो. १६० एकर ऐकून आपल्याला घेरी येते, पण इथे सरासरी शेतच सतराशे एकरांच्या वर आहे.

सेक्शनचे आकडे गंमतीदार. आग्नेय कोपऱ्यातून १ सुरू होतो, पश्चिमेकडे ६ पर्यंत जातो, मग वर सरकून ७ तिथूनच उलटा पूर्वेकडे येतो. बैल तासाच्या टोकाला वळून परत येतात अगदी तसं. वायव्य १४-३५-२१ पश्चिम २ असा पत्ता असेल तर तो मागून वाचायचा. मोजणीसाठी आखलेल्या दुसऱ्या उत्तर-दक्षिण मध्यान्हरेषेच्या पश्चिमेला, एकविसाव्या रेंजमध्ये, म्हणजे टाउनशिपच्या उभ्या पट्ट्यात, अमेरिकेच्या सीमेपासून पस्तिसावी टाउनशिप, तिच्यातलं चौदावं सेक्शन, त्याचा वायव्य क्वार्टर. आपला सातबारा वाचता येणाऱ्याला दोन दिवसांत जमतं.

उत्तर-दक्षिण रस्ते दर मैलाला, पूर्व-पश्चिम रस्ते दर दोन मैलांना. नकाशात हे सगळे सारखे दिसतात, जमिनीवर नसतात. काही खडीचे, आणि काही नुसतेच मातीचे, ज्यांवर हिवाळ्यात बर्फ काढायला कोणी जात नाही. पहिल्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याच्या बिनमधला, म्हणजे धान्याच्या कोठीतला, नमुना आणायला निघाले होते. फोनमधल्या बाईने जवळचा रस्ता दाखवला, तो मातीचा निघाला. मैलभर आत गेल्यावर गाडी पोटापर्यंत बर्फात रुतली. शेतकऱ्याला फोन केला, त्याने एकच विचारलं, "कुठल्या सेक्शनला आहेस?" मी म्हटलं, "एक पिवळं घर मागे गेलं." तो क्षणभर गप्प. मग सावकाश म्हणाला, "पिवळी घरं तीन आहेत." त्याला मला शोधायला पाऊण तास लागला, ओढून काढायला चार मिनिटं.

तेव्हापासून तुमच्या आरएमचा, म्हणजे रूरल म्युनिसिपालिटीचा, कागदी नकाशा गाडीत ठेवायला सांगते. आरएमच्या ऑफिसात विकत मिळतो, त्यावर प्रत्येक क्वार्टरच्या मालकाचं नाव छापलेलं असतं. आरएम म्हणजे शिवारापुरती पंचायत, तिचा प्रमुख रीव्ह. गावठाणाची पंचायत वेगळी, तिला महापौर. होय, दोनशे लोकांचा महापौर, आणि रिंकमध्ये बर्फावर पाणी मारतानाही तोच दिसेल.

तोंडी पत्ते आणखी वेगळे असतात. शेत अमक्याचं म्हणतात तो अमका तीस वर्षांपूर्वी वारलेला असतो. स्लू म्हणजे शेतातलं पाणथळ डबकं, ब्लफ म्हणजे झाडांचा पुंजका, डगआउट म्हणजे आपलं शेततळं. ब्लफपासून डावीकडे असं सांगितलं तर कडा शोधत बसू नका, कडा शंभर मैलांत नाही.

पावसात मातीच्या रस्त्यावर मुळीच जाऊ नका. रिजायना आणि रोझटाउनच्या बाजूची गंबो माती म्हणजे आपली काळी कसदारच. मराठवाड्यात श्रावणात चप्पल रुतते, इथे ट्रक रुततो.

४. घर

भाडं असो वा खरेदी, घर शहराच्या मानाने स्वस्त मिळतं. म्हणूनच सावध राहा. गावातली घरं जाहिरातीत येत नाहीत, पोस्टात, को-ऑपच्या, म्हणजे सहकारी दुकानाच्या, काउंटरवर विचारावी लागतात. बघायला जाल तेव्हा रंग आणि गालिचे सोडा, आधी तळघरात उतरा. भिंतीच्या पायाशी पांढरा क्षार किंवा ओल आहे का? तळघरात साठलेलं पाणी बाहेर टाकणारा सम्प पंप आहे का, आणि तो चालू करून दाखवतात का? फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, कोणत्या वर्षाचं आहे? मागच्या जानेवारीचं गॅस आणि विजेचं बिल बघायला मागा. देतात, लाजू नका.

राहायला गेल्यावर पहिल्या दिवशी घराबाहेर एक चक्कर मारा. नव्या फर्नेसचे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर आलेले असतात, एकाने हवा आत जाते, दुसऱ्याने धूर बाहेर. वादळात बर्फाचा ढीग बरोबर त्यांच्यावर चढतो. पाइप बुजले तर फर्नेस बंद पडतं, कधी विषारी वायू आत साठतो. तेव्हा दरवाजासमोरचं बर्फ नंतर, पाइपांसमोरचं आधी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर त्याच दिवशी लावा.

महिनाभर भारतात जाणार असाल तर शेजाऱ्याला किल्ली देऊन जा. विम्याच्या पॉलिसीत थंडीत घर तपासण्याची अट असते, ती वाचा. फर्नेस बंद पडून पाइप फुटले आणि कोणी पाहिलं नव्हतं असं निघालं, तर कंपनी हात वर करते.

पाणी बहुतेक गावांत विहिरीचं आणि जड. डाळ शिजायला वेळ घेते, कुकरची एक शिट्टी वाढवा. पाणी उकळून प्या अशी सूचना अधूनमधून निघते, ती पोस्टाच्या दारावर लावतात. आणि एक डीप फ्रीझर घ्या. इथे प्रत्येक घरात असतो, लिलावात जुना मिळतो. सास्काटूनला महिन्यातून एकदा गेलात की खोबरं, कढीपत्ता, मेथी, पोळ्यांचं पीठ सगळं त्यात.

५. गाडी

गाडीवाचून इथे जमत नाही. गावोगाव फिरणारी प्रांताची एसटीसी बस होती, ती ३१ मे २०१७ ला बंद झाली. नाव ऐकून आपल्या लाल डब्याची आठवण येते, तेवढीच.

लायसन्स आणि गाडीची नोंदणी दोन्ही एसजीआय या सरकारी विमा कंपनीकडे. भारतातला परवाना पहिले नव्वद दिवस चालतो, तेवढ्यात लेखी परीक्षा देऊन चालवायच्या परीक्षेची तारीख घ्या. वीस वर्षं पुण्यात गाडी हाकलेले लोक इथे नापास होतात. खांद्यावरून मागे न बघणं आणि थांब्याच्या पाटीला पूर्ण न थांबणं, बहुतेकदा कारण या दोनपैकी एक. स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर दोन्ही दिशांनी थांबायचं, यात माफी नाही.

गाडी घेताना बॉनेटच्या जाळीतून लोंबणारी वायर आहे का बघा. तो ब्लॉक हीटर. उणे पंधराच्या खाली रात्री इंजिन विजेला जोडून ठेवायचं, नाहीतर सकाळी ऑइल गुळाच्या काकवीसारखं झालेलं असतं. मी एकदा घाईत वायर न काढताच निघाले. चाळीस फूट एक्स्टेंशन कॉर्ड मागे ओढत मुख्य रस्त्यावरून पोस्टापर्यंत गेले. गावाला माझं नाव पाठ व्हायला त्या प्रसंगाने बरीच मदत केली.

हिवाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. डिकीत फावडं, घोंगडी, जाड मोजे, मेणबत्ती आणि काडेपेटी, जंपर केबल, थोडी वाळू, सुकामेवा. शेंगदाण्याची चिक्की उत्तम, गोठली तरी चघळता येते. निघण्याआधी हायवे हॉटलाइनवर रस्त्याची स्थिती पाहा. लाल दाखवत असेल तर घरी बसा, कामावर फोन करा. कोणी रागवत नाही, उलट गेलात तर रागावतात. रुतलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. धुराड्यासमोरचं बर्फ साफ करा, दहा मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, वाट बघा. वाऱ्यासह उणे ४० भासत असेल तेव्हा उघडी कातडी दहा मिनिटांच्या आत गोठते, आणि पांढऱ्या अंधारात दिसणारा दिवा वाटतो त्याच्या तिप्पट लांब असतो.

संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. एक गेलं की ब्रेक सोडू नका, मागे दुसरं असतंच.

६. कागदपत्रं, पटकन

आरोग्य कार्डाचा अर्ज आल्या आठवड्यात ईहेल्थ या प्रांताच्या संस्थेकडे. कॅनडातल्या सरकारी आरोग्यसेवेची सुरुवात याच प्रांतात झाली, १ जुलै १९६२ ला, डॉक्टरांचा तेवीस दिवसांचा संप सोसून. टॉमी डग्लस हे नाव ऐकाल, त्यांच्या सरकारने ती आखली, त्यांच्यानंतरचे मुख्यमंत्री वुडरो लॉइड यांनी ती लागू केली. तरी छोट्या गावात डॉक्टर नसतो, जवळच्या टाउनचा इमर्जन्सी विभागही कधी माणसांअभावी बंद असतो. म्हणून निघण्याआधी फोन करा. ८११ वर नर्स चोवीस तास बोलते. ९११ ला फोन केलात तर घराबाहेरच्या पाटीवरचा नंबर सांगा, शेतात असाल तर सेक्शन सांगा. तिसरा मुद्दा पुन्हा वाचा.

पत्र घरी येत नाही. पोस्टात जाऊन पेटी घ्या, किल्ली घ्या. ऑनलाइन मागवताना घराचा पत्ता आणि पेटीचा नंबर दोन्ही लिहा, नाहीतर पार्सल कुरिअरवाला आणि पोस्ट यांच्यात फिरत राहतं. पोस्ट दुपारी जेवायला बंद होतं. तिथल्या बाईंना सगळं माहीत असतं, पण त्या सांगत नाहीत. तुम्हीच विचारायचं.

को-ऑपचं सभासदत्व थोड्या पैशांत मिळतं. तुम्हाला नंबर मिळेल, पेट्रोल भरताना, दूध घेताना तोच सांगायचा. वर्षाच्या खरेदीच्या हिशोबात काही परत मिळतं. साठ वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नंबरावर खरेदी करणारी कुटुंबं इथे आहेत. खातं क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे इथल्या सहकारी बँकेत, काढा, मॅनेजर पुढच्या आठवड्यात तुम्हाला रिंकवर भेटणार आहे.

७. माणसं

रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट वर होतं. तुम्हीही करायचं. ओळख असो नसो. न करणारा माणूस बाहेरचा, एवढं सरळ गणित आहे.

सगळे एकेरी नावाने बोलावतात. ८५ वर्षांच्या आजोबांना पहिल्या नावाने हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते. मी मनातल्या मनात 'अहो' म्हणते आणि मग हाक मारते. तुमचं नाव त्यांना जमणार नाही म्हणून स्वतःच 'सॅम' किंवा 'शॉन' करून देऊ नका. दोनदा सांगा, तिसऱ्यांदा कागदावर लिहून द्या. युक्रेनियन आणि फ्रेंच आडनावं शंभर वर्षं उच्चारणारे लोक आहेत हे, ज्ञानेश्वरही शिकतात.

सकाळी साडेनऊ-दहाला 'कॉफी रो' भरतो. आपल्या पारावरची मंडळीच. को-ऑपमध्ये किंवा हॉलमध्ये, ठरलेलं टेबल, ठरलेल्या खुर्च्या. पहिल्या दिवशी खुर्ची ओढून बसू नका, कोणाची तरी असते. कॉफी घ्या, जवळ उभे राहा, हवेबद्दल एक वाक्य बोला. पाऊस कमी पडला की जास्त, यावर त्यांचं एकमत कधीच होत नाही, त्यामुळे तुमचंही चालतं. तुम्ही भारतातले हे कळलं की कोणीतरी मॉन्सूनचं विचारेल. हे शिष्टाचार म्हणून नसतं, का ते खाली सांगते.

जेवणाचे शब्द नीट घ्या. दुपारचं जेवण म्हणजे डिनर, रात्रीचं सपर, आणि 'लंच' म्हणाले तर कार्यक्रमानंतर रात्री दहाला देतात ते सँडविच. मी डिनरला रात्री सातला गेले होते. भांडी घासून झाली होती. टोपीच्या स्वेटशर्टला इथे बनीहग म्हणतात, हा शब्द या प्रांताबाहेर चालत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात फाउल सपर असतो, टर्कीचं गावजेवण. तिकीट घ्या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आदल्या आठवड्यात हॉलवर जाऊन "मी काय करू?" विचारा. बटाटे सोलायला लावतील, चाळीस किलो. त्या बटाट्यांवर बसून मला गावातल्या अर्ध्या घरांची नाती कळली. शाकाहारी असाल तर आधी सांगा. पेरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, बटाट्याचे असले तरी वर बेकन पडतं, कोबीच्या गुंडाळीत भात आणि मांस, आणि रंगीत जेली सॅलडसुद्धा शाकाहारी नसतं. पाइ मात्र खा, फळांची. सास्काटून बेरीची असली तर आधी तीच उचला, संपते. अर्थात पाइच्या पापडीत चरबी आहे का हे विचारूनच.

अंत्यविधीची सूचना पोस्टाच्या दारावर लागते. ओळख नुसती हात हलवण्यापुरती असली तरी जा. नंतर हॉलमध्ये हॅमचे बन, अंड्याचे सँडविच आणि छोटे गोड तुकडे, त्यांना डेंटीज म्हणतात. मी पहिल्यांदा बेसनाच्या वड्या नेल्या होत्या. आता ताट रिकामंच परत येतं आणि कोणी वारलं की मला फोन येतो, "ते पिवळे आणशील ना?"

स्वयंसेवक अग्निशमन दल, रिंकचं कँटीन, ग्रंथालयाचे चार तास, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाची स्पर्धा, यांतलं एक काम घ्या. एकच. नव्या माणसाला सगळे सगळीकडे ओढतात आणि मार्चपर्यंत तो थकून दार लावून बसतो. असे दोघे मी पाहिलेत. मुलं असतील तर शाळा तुम्हाला डोक्यावर घेईल, पटावर चार मुलं वाढली तर एक शिक्षक टिकतो.

हेही खरं की सगळ्यांना सगळं कळतं. तुमची गाडी रात्री कुठे होती, पाहुणे कोण आले. मला दोन वर्षं याचा जाच झाला. आमच्या गल्लीतही हेच होतं, पण तिथे निदान मीही बघत होते.

८. पेरणी आणि सुगी

मेच्या सुरुवातीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरणी. वाफसा आला की लोक अठरा-अठरा तास शेतात. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत सुगी. या दोन काळांत कोणाला जेवायला बोलावू नका, काही दुरुस्तीला मागू नका. रस्त्यावर कंबाइन समोर आली तर तुम्ही थांबा, कडेला व्हा, तिला दोन्ही बाजू लागतात. रात्री बाराला क्षितिजावर दिव्यांची रांग हलताना दिसली तर घाबरू नका, उद्या पाऊस आहे म्हणून मसूर काढताहेत.

मसूर म्हटलं म्हणून सांगते. ही इथली जुनी नाही. सास्काटूनच्या विद्यापीठातले अल स्लिंकार्ड यांनी 'लेअर्ड' हे वाण १९७८ मध्ये दिलं, त्यानंतर गव्हाच्या या मुलखात डाळ पसरली. आज कॅनडाची बहुतेक मसूर याच प्रांतात पिकते आणि तिचा मोठा गिऱ्हाईक आपण. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क लावलं, डिसेंबरात मसुरीवर ३० टक्के. त्या सुमाराचं अजून काढतात माझ्यापाशी, जणू मी दिल्लीहून कागद घेऊन आले होते. म्हणून मॉन्सूनचं विचारतात. लातुरात पाऊस लांबला की आमच्या टर्मिनलवरच्या पट्टीत फरक पडतो. मी वडिलांना फोन करते, ते आडतीतला भाव सांगतात, मी सकाळी कॉफी रोला सांगते. तूर म्हणजे काय हे इथल्या चार म्हाताऱ्यांना आता ठाऊक आहे.

ट्रक आला की प्रोब आत घुसतो, नमुना नळीतून माझ्या खोलीत येतो. चाळणीवर काडीकचरा वेगळा, ओलावा मोजायचा, डागी दाणे निवडायचे. शेतकरी काचेपलीकडे उभा असतो आणि माझ्या हाताकडे बघतो. आडतीवर बंबी पोत्यात गेली की शेतकऱ्याची नजर जशी असायची, तशीच. फरक एवढा की इथे प्रत पटली नाही तर त्याला नमुना कॅनेडियन ग्रेन कमिशनकडे पाठवायला सांगता येतो, आणि तिचा निर्णय दोघांना मानावा लागतो. शेतीशी संबंधित नोकरीवर येत असाल तर हा हक्क त्याला तुम्ही स्वतःहून सांगा. माझी ओळख गावात खरी तिथून सुरू झाली.

एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागतं तेव्हा तळघरात जाऊन सम्प पंपात एक बादली पाणी ओता. खटका पडून पंप सुरू झाला तर ठीक. नाही झाला तर शेजाऱ्याचं दार वाजवा, त्याच्याकडे जादा पंप असतो. आणि डिसेंबरात त्याची घेतलेली जंपर केबल तेव्हाच परत करा.